इंग्रजीचा शब्दसाठा : सुरुवात आपल्याच बिल्टीपासून

'रेट', 'पेमेंट', 'डिलिव्हरी' एवढे इंग्रजी पुण्याच्या रविवार पेठेत हमालालाही येते. आम्हा उर्दू माध्यमात शिकलेल्या व्यापाऱ्यांची गाडी अडते ती त्यापुढच्या शब्दांवर.

काही वर्षांपूर्वी परगावच्या एका गिरणीच्या ऑर्डर फॉर्मवर आम्ही सही केली. मुदतीत माल न उचलल्यास आगाऊ रक्कम 'शॅल स्टँड फॉरफीटेड', असे त्यात होते. 'स्टँड' म्हणजे उभे राहणे. तेव्हा रक्कम उभी, म्हणजे शाबूत राहणार, असा अर्थ आम्ही लावला! ईदनंतर मागणी पडली, माल उचलता आला नाही आणि रक्कम बुडाली. 'फॉरफीट' म्हणजे हक्क गमावणे हे तेव्हा कळले.

म्हणून सुटे शब्द पाठ करू नयेत, पूर्ण वाक्य उतरवून घ्यावे. 'ऑनर' म्हणजे इज्जत, हे शाळेत शिकलो. पण बँक चेक 'ऑनर' करते म्हणजे वटवते. न वटला तर तो 'डिसऑनर'. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचे कलम 138 याच शब्दाभोवती आहे. बँकेकडून खबर मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस धाडावी लागते. शब्द अडला म्हणून कागद पडून राहिला, तर मुदत निघून जाते. 'सँक्शन'चेही तसेच : बँकेच्या पत्रात मंजुरी, वर्तमानपत्रात एखाद्या देशावरील निर्बंध.

उर्दू शिकलेल्यांजवळ एक पुंजी आहे, तिचा वापर आपण करीत नाही. 'कॉटन' हा अरबी 'कुत्न'. 'टॅरिफ' म्हणजे आपली 'तारीफ'. उर्दूत स्तुती, अरबीत ओळख करून देणे, आणि दरपत्रक ही मालाची ओळखच. 'मस्लिन' मोसूल शहरावरून, तर 'डंगरी' आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. असा शब्द एकदा कळला की विसरत नाही.

रोज रात्री गल्ला मोजून झाला की एक कागद काढावा : विम्याची पॉलिसी, बँकेचे पत्र, काहीही. वहीत तीनच शब्द, वाक्यासह लिहावेत. बाजूला अर्थ उर्दूत किंवा मराठीत, जसा सुचेल तसा. मुलांना विचारण्यात कमीपणा मानू नये.

पहिला कागद ट्रान्सपोर्टची बिल्टी घ्या. पुष्कळ बिल्ट्यांवर 'ॲट ओनर्स रिस्क' छापलेले असते. त्यातला 'ओनर' ट्रकचा मालक नव्हे, मालाचा मालक, म्हणजे आपण.