हातांनी मांडलेले नियोजन : बेंगळुरूचा धडा

व्यवसायाचे धोरण म्हणजे बंद दालनातील आकडे आणि तक्ते, अशी समजूत रूढ आहे. या पद्धतीत ज्याचे पद मोठे, त्याचेच मत प्रभावी ठरते. प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे ज्ञान योजनेबाहेर राहते. ही उणीव दूर करण्यासाठी १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील 'आयएमडी' या व्यवस्थापन संस्थेतील योहान रूस व बार्ट व्हिक्टर या प्राध्यापकांनी डेन्मार्कच्या लेगो कंपनीच्या सहकार्याने एक पद्धत विकसित केली. तीत सहभागी व्यक्ती ठोकळ्यांतून आपल्या व्यवसायाची प्रतिकृती उभारतात आणि प्रत्येक जण आपल्या रचनेचा अर्थ सांगतो.

भारतात हाच विचार त्यापूर्वीच गावच्या अंगणात रुजला होता. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या, बेंगळुरूस मुख्यालय असलेल्या 'मायराडा' या स्वयंसेवी संस्थेने १९८९ च्या सुमारास सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन, अर्थात 'पीआरए', ही पद्धत आपल्या कामात आणली. ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांचा या पद्धतीच्या प्रसारात मोठा वाटा होता. गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीने नकाशे काढावेत, खडे व बिया मांडून अग्रक्रम ठरवावेत, हे तिचे स्वरूप होय.

मायराडाच्या कार्यक्षेत्रात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बचत गट आकाराला येत होते. १९८७ मध्ये नाबार्डने संस्थेला या प्रयोगासाठी १० लाख रुपयांचे साहाय्य दिले. १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. कर्ज मिळू लागताच 'कोणता व्यवसाय करावा' हा धोरणाचा प्रश्न गटापुढे उभा राहतो. तेथे ही पद्धत उपयुक्त ठरते.

समजा, एका गटापुढे शेळीपालन, म्हैस आणि शिवणकाम असे तीन पर्याय आहेत. जमिनीवर चौकट आखून वरच्या बाजूस हे व्यवसाय आणि डावीकडे उत्पन्न, भांडवलाची सोय, चारापाणी, बाजारपेठ व वेळेची सवड या कसोट्या मांडल्या जातात. प्रत्येक घरात अनुकूलतेनुसार एक ते दहा चिंचोके ठेवले जातात. म्हशीच्या रकान्यात उत्पन्नाला नऊ चिंचोके पडले, तरी चारापाण्याला दोनच पडले, तर चर्चा तेथेच थांबते. नंतर बारा महिन्यांचे बारा रकाने आखून उत्पन्न व हप्ते मांडले, की कोणत्या महिन्यात हप्ता थकेल, हे निरक्षर सदस्येलाही दिसते. थकलेल्या हप्त्याचा भार अखेर तिच्यावरच पडणार असतो. म्हणून चिंचोका उचलून दुसरीकडे ठेवण्याचा तिचा अधिकार महत्त्वाचा आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. बोलक्या सदस्या इतरांचे चिंचोके स्वतःच हलवू शकतात. बाजारभावाचा अंदाज प्रत्यक्ष बाजारात पडताळावा लागतो. रांगोळी पुसली जाण्यापूर्वी मांडणी कागदावर उतरवावी लागते. सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. निर्णय आधीच घेऊन नंतर अशी मांडणी करवून घेतली, तर तो केवळ उपचार ठरतो.

ठोकळे असोत वा चिंचोके, साधन गौण आहे. योजनेची जोखीम जो उचलणार, त्याच्या हातांनी ती मांडली जाणे आणि त्या मांडणीनुसार निर्णय बदलण्याची तयारी असणे, हेच सहभागी नियोजनाचे सार होय.