इजिप्तची एक लेव्हल : कॉन्सेप्ट आर्टला खर्च किती?

सोलापुरातली गेम बनवणारी छोटी टीम असो वा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारे विद्यार्थी, चित्रकाराला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘एका चित्राचे किती घेणार?’ भाव असा विचारला की पुढे वाद होतात. नाईल काठचा देखावा हेही एक चित्र आणि थ्रीडीवाल्याला मापासकट मॉडेल करता येईल असा खांब हेही एकच चित्र. मेहनत मात्र निराळी. म्हणून चित्रे नव्हे, दिवस मोजा.

हिशेब असा मांडा

लेव्हलमध्ये मंदिराचे अंगण, खांबांचे दालन आणि थडग्याची खोली आहे, असे धरू.

- संदर्भ जमवणे : २ दिवस
- दहा-बारा थंबनेल : २ दिवस
- रंग आणि प्रकाश ठरवणे : १ दिवस
- दोन मोठी, पूर्ण रंगवलेली चित्रे : ६ दिवस
- दिवे, मडकी, मूर्ती, दरवाजे यांची प्रॉप शीट : ३ दिवस
- दुरुस्त्या : २ दिवस

एकूण १६ दिवस. नवख्या कलाकाराचा रोज २,००० रुपये धरला तर ३२,००० होतात, अनुभवी कलाकाराचा ४,००० धरला तर ६४,०००. हे आकडे हिशेबापुरते आहेत. प्रत्यक्ष रोज विचारून घ्या आणि दिवसांनी गुणा. कलाकार जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्के वर, म्हणजे ३२,००० चे ३७,७६०. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते.

पैसे कुठे वाचतात?

आधी काळ ठरवा. गिझाचा मोठा पिरॅमिड आणि क्लिओपात्रा यांच्यात सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. थंबनेलवर काळ बदलला तर एक दिवस जातो, रंगवून झाल्यावर बदलला तर आठवडा.

मग काय पुन्हा वापरता येईल ते पाहा. कर्नाकच्या मोठ्या दालनात १३४ खांब आहेत. मधले १२ उमललेल्या पपायरसच्या माथ्याचे, बाकीचे मिटलेल्या कळीचे. म्हणजे दोन नमुने नीट काढले की दालन उभे राहते. भिंतीवरच्या कमळपट्ट्यांचेही तसेच. चादरी-टॉवेलांच्या जॅकार्डसाठी नक्षी बसवणारे हात सोलापुरात आहेत. जोड न दिसता पुन्हा पुन्हा येणारी पट्टी कशी आखायची, हे त्यांना शिकवावे लागत नाही. एवढे काम त्यांच्याकडून वेगळे करून घेता येईल.

स्वतः काढणार असाल तर क्रिटा आणि ब्लेंडर फुकट आहेत. बिनस्क्रीनचा साधा पेन टॅब्लेट काही हजारांत येतो. स्क्रीनवाला सुरुवातीला घेऊ नका.

संदर्भ आणि हक्क

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइटमुक्त वस्तूंची छायाचित्रे व्यावसायिक वापरासाठीही खुली केली आहेत. ब्रिटिश म्युझियमची छायाचित्रे मात्र साधारणपणे अव्यावसायिक वापरापुरतीच मोफत असतात. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ हा २०१७ चा गेम वातावरण समजून घ्यायला जरूर पाहा, पण त्यातले काही गिरवू नका. एआयने केलेली चित्रे गेममध्ये येणार असतील तर स्टीमवर ते जाहीर करावे लागते. कलाकार एआय वापरणार का, हे आधीच विचारा.

करार लेखीच हवा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गेम जगभर विकायचा असेल तर ‘संपूर्ण जग, कायमस्वरूपी’ हे शब्द हवेतच. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या आणि लेयरसह मूळ फाइल मिळणार का, हेही लिहून घ्या. पैसे टप्प्याने द्या : ३० टक्के आगाऊ, ४० टक्के थंबनेल आणि रंग मंजूर झाल्यावर, उरलेले फाइल हाती आल्यावर.

बजेट अपुरे पडले तर दोनपैकी एक मोठे चित्र गाळा; वरच्या हिशेबात किमान ६,००० रुपये वाचतील. प्रॉप शीटला हात लावू नका. मोठे चित्र जाहिरातीला उपयोगी पडते, पण लेव्हल बांधली जाते ती प्रॉप शीटवरून.