आधी फाटक, मग हिरवळ

गिरगाव-परळच्या माणसाने गोल्फ खेळावा यात आता नवल उरलेलं नाही. कंपनीच्या स्पर्धेतून नाद लागतो आणि मग पुण्या-नाशिकला निघताना डिकीत किट टाकून ‘जाता जाता एक राउंड मारू’ असा बेत ठरतो. त्याबद्दल माझं सांगणं एकच आहे. वाटेवरचं मैदान निवडताना त्याची कीर्ती आणि मागच्या डोंगराचे फोटो सगळ्यात शेवटी बघावेत. आधी बघावं ते तिथे परक्या माणसाला आत घेतात का, कोणत्या दिवशी आणि कोणत्या अटीवर. क्रिकेटने आपल्याला वेगळीच सवय लावली आहे. आझाद मैदानात किंवा शिवाजी पार्कात मोकळा तुकडा दिसला की स्टंप रोवायचे, कोण विचारतो? गोल्फमध्ये पहिला प्रश्न फाटकावरच येतो.

आपल्या दाराशीच बघा. ताडदेवचा विलिंग्डन क्लब गिरगावातून टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने तो निघाला तेव्हा युरोपियन आणि हिंदी, दोघांनाही तिथे सभासद होता येत होतं, आणि त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण आजही तिथे खेळायचं तर सभासदाचा पाहुणा म्हणूनच. कुलाब्याचा यूएस क्लब सैन्यदलांचा. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासूनचा, तोही सभासदांचाच. उलट खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने केलेलं मैदान आहे; तिथे सभासद नसलेला माणूसही शुल्क भरून खेळू शकतो. जाणकार त्याला विलिंग्डनच्या पंगतीला बसवणार नाहीत, पण प्रवासातल्या माणसासाठी मी ते वर धरेन, कारण ते त्याला मिळू शकतं. नकाशावर विसंबून तर मुळीच निघू नये. नाशकात ‘गोल्फ क्लब’ म्हणून विचारलंत तर लोक तुम्हाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर नेऊन सोडतील. नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याचा वध करणाऱ्या तरुणाचं नाव आज त्या मैदानाला आहे; तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे लोक फेऱ्या मारतात. गोल्फ फक्त बोलण्यात उरला आहे.

‘ओळखीने होतं हो सगळं,’ असं यावर कुणीतरी म्हणतंच. होतं, नाही असं नाही. पण बऱ्याच क्लबांत सभासदाने नुसता फोन करून भागत नाही, त्याला स्वतः सोबत यावं लागतं. म्हणजे तुमच्या सहलीसाठी त्याची रविवारची सकाळ गेली. त्यात शनिवार-रविवारी पाहुण्यांचे दर चढे असतात, कंपन्यांच्या स्पर्धा असतात आणि सोमवारी कित्येक ठिकाणी मैदान देखभालीसाठी बंद असतं. काही क्लब पाहुण्याकडे हँडिकॅपचा दाखला मागतात. कॉलर नसलेला टी-शर्ट घातलेल्याला तर दारातूनच परत पाठवतात. एवढं सगळं ओळखीवर सोपवण्यापेक्षा आपणच फोन करून विचारलेलं बरं.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: एवढं पेट्रोल जाळून जायचं, तर सगळ्यात नामांकित मैदानच का खेळू नये? मुक्कामाची सहल असेल तर जरूर खेळा. पुण्याला रात्र काढून सकाळी बावधनच्या ऑक्सफर्डला गेलात, तर तिथले चढउतार अंगावर घ्यायला अंगात ताकद असते. पण शिवडीहून अटल सेतूवर चढून, घाट पार करून, गाडीतून उतरल्या उतरल्या पहिल्या टीवर उभं राहणं वेगळं. कंबर आखडलेली असते. अठरा होल म्हणजे चार-साडेचार तास आणि सात-आठ किलोमीटरची चाल, त्यानंतर पुन्हा स्टिअरिंग. अशा दिवशी नऊ होल पुरे. ते शक्य नसेल तर निदान पुढची टी घ्यावी. यासाठी स्कोअरकार्ड आधी मागवून वाचावं. प्रत्येक होलसमोर वेगवेगळ्या रंगांच्या टीचे यार्ड दिलेले असतात, शेजारी पार, आणि त्यापुढे इंडेक्सचा आकडा. इंडेक्स एक म्हणजे सगळ्यात अवघड होल. त्यावर पाण्यापलीकडे चेंडू टाकावा लागणार असेल आणि तुमचा सरळ फटका तेवढा जात नसेल, तर त्या मैदानाची कीर्ती तुमच्या काय कामाची? पिशवीतले चेंडू तेवढे संपतील. (घरची मंडळी सोबत असतील तर डिकीही मोजा. ड्रायव्हर पंचेचाळीस इंचांच्या आसपास लांब असतो, छोट्या गाडीत तो आडवा मावत नाही आणि मग सामानावरून भांडण ठरलेलं.)

पावसाळ्याबद्दल मात्र मी कुणाचंच ऐकणार नाही. जून ते सप्टेंबरात सह्याद्रीची हिरवळ भुरळ घालते हे खरं, पण भिजल्या जमिनीवर चेंडू पडतो तिथेच रुततो, बग्गी आत सोडत नाहीत आणि वीज कडाडली की खेळ थांबवावाच लागतो. कोकणपट्टीतलं मैदान तेव्हा बेतातून वगळा. घाटावर पाऊस कमी पडतो, तिथलं चालेल. आणि कुठलंही ठरवा, निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करा: उद्या मैदान उघडं आहे का, पाहुण्याचं शुल्क किती, कॅडी मिळेल का, पहिली मोकळी वेळ कोणती. उत्तर देताना समोरचा घोळ घालू लागला तर किट घरीच ठेवा.