पटकथेचा पहिला धडा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘कथा, पटकथा, संवाद’ हे तीन शब्द आपण नेहमी वाचतो. कथा समजते, संवादही समजतात. पण मधली पटकथा म्हणजे काय, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळजण अडखळतील. मीही अडखळलो होतो. त्यातून जे थोडे उमगले ते येथे मांडतो.

पडद्यावर जे दिसेल आणि जे ऐकू येईल, तेवढेच क्रमवार लिहिणे म्हणजे पटकथा. संवाद हा तिचा एक भाग, सर्वस्व नव्हे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटाला वाणी नव्हती. मधूनमधून येणाऱ्या पाट्या सोडल्या, तर गोष्ट दृश्यांनीच सांगावी लागे.

नाटक आणि पटकथा यांतील भेद समजण्यास आपल्या नागपूरचेच उदाहरण आहे. महेश एलकुंचवार यांनी आपल्या ‘पार्टी’ या नाटकाची पटकथा स्वतः लिहिली. गोविंद निहलानी यांनी त्यावर १९८४ साली हिंदी चित्रपट केला. नाटकात अमृत रंगमंचावर येत नाही. इतर पात्रे त्याच्याविषयी केवळ बोलतात. चित्रपटाच्या अखेरीस मात्र तो रक्ताळलेल्या अवस्थेत समोर दिसतो. रंगमंचावर शब्दांनी उभा केलेला माणूस कॅमेरा प्रत्यक्ष दाखवू शकतो. तो केव्हा दाखवायचा आणि कुठवर लपवायचा, हे पटकथाकाराने ठरवायचे असते.

लिहिण्याची रीत सोपी आहे. दृश्याच्या माथ्यावर क्रमांक, आत की बाहेर, स्थळ आणि वेळ. त्याखाली घडणारी क्रिया, वर्तमानकाळात. मग पात्राचे नाव व त्याचे बोलणे. स्थळ किंवा वेळ बदलली की नवे दृश्य. एका पानाला साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात.

रीत सोपी, लिहिणे कठीण. माझे आजोबा गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडल्यानंतरच्या त्यांच्या दिवसांवर मी दृश्य लिहायला घेतले. पहिले वाक्य लिहिले, ‘आजोबांना फार दुःख झाले आहे.’ मग मनात आले, हे दुःख कॅमेऱ्याने टिपायचे कुठून? वाक्य खोडले आणि आजीला विचारले. ती म्हणाली, “भोंगा बंद झाला तरी हे त्याच टायमाले उठत. डबा भरून मागत, अन् खुंटीले लटकवून दिवसभर बसून राहत.”

मग मी लिहिले :

दृश्य १. आत. कामगाराची खोली. पहाट.
अंधार. म्हातारा उठतो. सदरा घालतो. बायको डबा पुढे करते. तो डबा घेऊन दारापर्यंत जातो, थांबतो. परत येऊन डबा खुंटीला लावतो. खाटेवर बसतो. कोणी बोलत नाही.

‘दुःख’ हा शब्द यात कुठेच नाही.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. आजीला अक्षरओळख नाही. माझे निबंध तिला कधी कळले नाहीत. हे दृश्य मात्र वाचून दाखविले तेव्हा ती डोळे मिटून ऐकत राहिली. नंतर म्हणाली, “खाटेवर नाही बसत. उंबरठ्यावर बसत, रस्त्याकडं तोंड करून.”

मी खाट खोडली आणि उंबरठा लिहिला. पटकथेचा माझा पहिला धडा हाच.