रांगेत दिवस घालवू नका

सूनबाई, पोरांनो, दिवाळीत हैदराबादच्या वंडरला या करमणुकीच्या पार्कात जायचं पक्कं केलंय, तर माझं बोलणं जरा नीट ऐका. आपल्या डोंगरकडा गावच्या लेकरांच्या वाट्याला असे दिवस फार येत नाहीत. माणशी तिकीट काही स्वस्त नाही, वर गाडीचं डिझेल आणि मुक्काम. एवढं करून लेकरू दिवसभर लोखंडी कठड्यात पुढच्याच्या पाठीकडे बघत उभं राहिलं, तर जिवाला लागतं. ते होऊ नये म्हणून जे करायचं त्यातलं निम्म्याहून जास्त घरीच करायचं असतं.

पहिलं म्हणजे दिवस निवडा. आपल्या शाळांना दिवाळीची मोठी सुट्टी असते. तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याला, बतुकम्मा सणाच्या दिवसांत पडते आणि दिवाळीला एक-दोन दिवसच शाळा बंद असतात. म्हणजे भाऊबीज उलटली की आपली पोरं मोकळी आणि हैदराबादची पोरं वर्गात! अशी संधी वर्षात दुसरी नाही. शेतीचंही जमतं. सोयाबीन घरात आलेलं असतं, हरभरा पेरून झालेला असतो आणि हळद काढायला अवकाश असतो. त्यातही मंगळवार-बुधवार धरा. शनिवार-रविवार नको. संक्रांतीला तर जाऊच नका, तिकडे तो मोठा सण आणि शाळांना कितीतरी दिवस सुट्टी. मात्र भाऊबीजेनंतर फार लांबवूही नका. नोव्हेंबर सरत आला की शाळांच्या सहली सुरू होतात आणि मधल्या वारीही बसेस भरभरून येतात.

श्रावण सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या बारीत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. मंगळवारी तेच मंदिर, तोच देव, आणि दर्शन घडीभरात. वार बदलला की सगळं बदलतं.

रस्ता सोपा आहे. आपल्या गावावरून जाणारा हा महामार्गच नांदेड, देगलूर, संगारेड्डी करत हैदराबादला नेतो. पुढे बाहेरच्या रिंग रोडला लागायचं, शहरात शिरायचं नाही. वंडरला ज्या रावीर्यालला आहे ते गाव शहराच्या दक्षिणेला, रिंग रोडला लागूनच आहे. पण पहाटे निघून त्याच दिवशी पार्कात जायचा बेत करू नका. पोचेपर्यंत दुपार होते आणि सगळ्यात मोकळा वेळ रस्त्यावर जातो. आदल्या दिवशीच जा आणि रात्री रिंग रोडच्या जवळपास मुक्काम करा. गाडी नको असेल तर नांदेडहून रात्रीची रेल्वे आहेच.

आता घरी करायच्या गोष्टी. तिकीट मोबाईलवर आधीच काढा, म्हणजे खिडकीची रांग वाचली. मोठ्या पोरांचं कॉलेजचं ओळखपत्र बरोबर घ्या, विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा सवलत असते. मग दाराच्या चौकटीशी प्रत्येक लेकराला उभं करून उंची मोजा, अनवाणी. तिथल्या बऱ्याच मोठ्या राईडना 140 सेंटिमीटर उंची लागते, आणि दारातला माणूस दोन बोटांचीही सूट देत नाही. त्यानं देऊही नये, राईडचा पट्टा त्या उंचीच्या अंगाला धरण्यासाठीच केलेला असतो. पाऊण तास उभं राहून ऐन दारातून परत फिरलेलं लेकरू मी पाहिलंय, त्याचं रडणं दिवसभर थांबत नाही. कोणाला कशात बसता येणार हे घरीच सांगून टाका.

कपड्यांचं बायकांनी विशेष ध्यानात ठेवा. साडी, सुती सलवार, जीन्स घालून पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनचे किंवा पोहण्याचेच कपडे लागतात. ते नसले की तिथल्या दुकानात रांग, माप बदलायला पुन्हा रांग, आणि पैसे वेगळेच. नांदेडच्या बाजारातून आधीच घेऊन ठेवा आणि जाताना साध्या कपड्यांच्या आत घालूनच जा.

बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत. म्हणून सकाळी मुक्कामावरच धपाटे-दही पोटभर खाऊन घ्या. एक वाजता सगळी दुनिया जेवणाच्या काउंटरवर उभी असते, त्या वेळी मोठ्या राईड रिकाम्या होतात. तेव्हा तुम्ही तिथं असा. जेवायला अडीचनंतर बसा.

गेट उघडायच्या अर्धा तास आधी तिथं पोचा. आत शिरल्यावर लोक समोर दिसेल त्या पहिल्या राईडला नंबर लावतात. तुम्ही थांबू नका, थेट सगळ्यात मोठ्या रोलर कोस्टरकडे चालत जा. त्याची रांग पुढे वाढतच जाणार, जेवणाची वेळ आणि शेवटचा तास सोडला तर कमी होणार नाही. पाण्याचे खेळ जरा उशिरा सुरू होतात आणि कोरड्या राईडच्या आधी बंद होतात. सुरू-बंदच्या वेळा गेटवरच वाचून घ्या आणि सकाळचा वेळ कोरड्या राईडना द्या.

मी जन्मभर गणित शिकवलं, म्हणून आता जरा त्यातलं सांगतो. रांगेची लांबी बघून घाबरायचं नाही आणि फसायचंही नाही. कारखान्याच्या काट्यावर उसाचे ट्रॅक्टर लागतात तेव्हा जाणता शेतकरी नुसते ट्रॅक्टर मोजत नाही, काटा तासाला किती गाड्या सोडतो ते बघतो. तसंच इथं. एका राईडमध्ये एका वेळी 24 जण बसतात आणि दर 4 मिनिटांनी नवी फेरी सुटते असं समजा. पुढे 144 जण असले तरी सहा फेऱ्या, म्हणजे 24 मिनिटं. शेजारच्या राईडला 64 च जण दिसतात, पण तिच्यात आठच बसतात आणि फेरी 3 मिनिटांची आहे. तिथंही आठ फेऱ्या, म्हणजे 24 मिनिटंच. निम्म्याहून लहान रांग आणि थांबणं तेवढंच! पुढची माणसं भागिले सुटण्याचा वेग, हा हिशेब 1961 साली जॉन लिटल या अमेरिकन संशोधकानं रीतसर सिद्ध करून दिला. नातवंडांनो, पुढचे लोक तुम्ही मोजा, फेरीचा वेळ घड्याळावर बाबांनी बघायचा. थांबायचं की पुढं जायचं, हे एका फेरीत ठरतं.

तिथं फास्टट्रॅक नावाचं, वेगळ्या लहान रांगेतून सोडणारं, जादा पैशांचं तिकीट मिळतं. खोपोलीच्या इमॅजिकातही तसंच एक्सप्रेस तिकीट आहे. अमेरिकेत डिस्नेच्या पार्कात 1999 पासून अशी सोय फुकट होती, 2021 मध्ये तिथंही पैसे सुरू झाले. माझं मत सरळ आहे. मधला वार निवडला असेल तर फास्टट्रॅक घेऊ नका, त्याच पैशात घरची आणखी माणसं बरोबर येतील. नाइलाजानं रविवारीच जावं लागलं तर मात्र घ्या, पण कोणकोणत्या राईड त्यात धरल्यात ते आधी वाचा.

आजी आणि मी मोठ्या राईडला येणार नाही. बीपी, मणक्याचा त्रास, हृदयविकार असलेल्यांना आणि गरोदर बायकांना तिथं बसवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आम्ही सावलीतली एक जागा धरू, सामान सांभाळू. धाकट्याला आमच्याजवळ ठेवा, म्हणजे तुम्हा दोघांना एकाच वेळी बसता येईल. चुकामूक झाली तर सगळ्यांनी त्याच जागी यायचं, एकमेकांना शोधत फिरायचं नाही.

रांगेत मधे घुसायचं नाही आणि एकानं उभं राहून मागून दहा जणांना बोलवायचं नाही. पुढचे लोकही कुठल्या तरी गावाहून लेकरांना घेऊनच आलेत. पंढरीच्या बारीत आपण कधी कोणाला ढकललं नाही, तिथंही ढकलायचं नाही.

शेवटच्या तासात बहुतेक लोक दमून गेटकडे निघतात, सकाळी चुकलेल्या राईड तेव्हा करून घ्या. आणि त्या रात्री परतीची गाडी काढू नका. दिवसभर उन्हापाण्यात राहिलेल्या चालकाला रात्री गाडी चालवताना झोप आवरत नाही. आणखी एक मुक्काम करा आणि सकाळी उजाडल्यावर निघा.