बुरशीपासून रंग : व्यापाऱ्याने जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

कापड, किराणा व मिठाई या तिन्ही धंद्यांत गिऱ्हाईक मालाची पारख प्रथम डोळ्यांनी करते. म्हणूनच रंगाच्या बाबतीत व्यापाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडू व पुदुच्चेरी येथे 'म्हातारीचे केस' या मुलांच्या मिठाईत रोडामिन-बी हा कापड रंगविण्याचा रंग आढळला व तिच्या विक्रीवर बंदी आली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने कृत्रिम रंग घातलेल्या या मिठाईस बंदी केली. अशा वेळी कृत्रिम रंगांस पर्याय कोणता, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. बुरशीजन्य रंग हे त्याचे एक उत्तर होय.

१८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने कोळशाच्या डांबरातील द्रव्यापासून जांभळा रंग सिद्ध केला. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि आपल्या देशातील निळीचा व्यापार थोड्याच वर्षांत ढासळला. स्वस्ताई, पक्केपणा व दर खेपेस सारखी छटा, हे कृत्रिम रंगाचे बळ होते. वनस्पतीजन्य रंग ऋतू व जमीन यांवर अवलंबून असतो; बुरशी मात्र बंद टाकीत बारमाही वाढविता येते. तिचे महत्त्व यातच आहे.

बुरशीचा रंग तसा नवा नाही. आपल्या मसाल्यातील दगडफूल म्हणजे बुरशी व शैवाल यांचा सहवास. याच वर्गातील समुद्रकाठच्या एका जातीपासून फ्लॉरेन्सचे रंगारी मध्ययुगात जांभळा रंग काढीत. त्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या रुचेल्लाई घराण्याचे नावच या रंगावरून पडले. प्रयोगशाळेतील लिटमसही अशाच दगडफुलापासून मिळते.

चीनमध्ये शिजविलेल्या तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढविण्याची रीत शतकानुशतके चालत आली आहे. उबदार जागी काही दिवसांत दाणे आतपर्यंत गडद लाल होतात. ते वाळवून, दळून खाद्यपदार्थांत घालतात. एकाच बुरशीत पिवळी, नारिंगी व लाल अशी तिन्ही रंगद्रव्ये असतात. परंतु या रंगाची छटा उन्हात फिकट पडते. त्याहून गंभीर गोष्ट १९९५ मध्ये उजेडात आली. या बुरशीच्या काही जाती सिट्रिनिन हे मूत्रपिंडास अपायकारक विषही निर्माण करतात. म्हणून युरोपीय संघाने लाल तांदळाच्या पूरक औषधांतील त्याची मर्यादा २०१९ मध्ये किलोस १०० मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. खाद्यरंग म्हणून तर त्यास तेथे मान्यताच नाही. शतकांचा वापर हा निर्धोकपणाचा पुरावा नव्हे, हाच यातील धडा.

याउलट उदाहरण ब्लेकस्लिया या बुरशीचे. हिच्या दोन पूरक जाती एकत्र वाढविल्या असता गाजरातील नारिंगी द्रव्य, म्हणजे बीटा कॅरोटीन, विपुल प्रमाणात तयार होते. शुद्ध करून व तपासून घेतलेल्या या रंगास युरोपात खाद्यरंग म्हणून मान्यता मिळाली आहे.

आपल्या समाजापुढे याखेरीज आणखी एक विचार आहे. खाद्यपदार्थांतील काही लाल रंग कोचिनील किडे वाळवून, कुटून काढतात. त्यास पर्याय म्हणून बुरशीचा रंग पुढे केला जातो. परंतु बुरशी व अळंबी आपल्या आहारमर्यादेत बसत नाहीत. तेव्हा वस्त्राच्या रंगाचा विचार वेगळा व अन्नाच्या रंगाचा वेगळा. घरच्या पक्वान्नास हळद व केशर पुरेसे आहेत.

तात्पर्य, 'नैसर्गिक' हा शब्द पाहून माल भरू नये. हा रंग कशापासून काढला, त्याची विषतपासणी झाली आहे काय, आणि तो कायद्याने कोणत्या वापरास मान्य आहे, हे तीन प्रश्न पुरवठादारास विचारावेत व उत्तरे लेखी घ्यावीत. दुकानातून मिठाई नेणारे मूल हे प्रश्न विचारू शकत नाही. त्याच्या वतीने ते व्यापाऱ्यानेच विचारावयाचे असतात. पेढीची पत अशाच लहान चौकश्यांवर उभी राहते.