दगड कोणी वाहिले?

इजिप्त देशात खुफू राजाचा पिरॅमिड आहे. पिरॅमिड म्हणजे राजाचे दगडी थडगे. ते बांधून सुमारे ४,५०० वर्षे झाली. एवढा डोंगर कोणी रचला? काही पुस्तके सांगतात, आभाळातून आलेल्या लोकांनी! अशी पुस्तके आपण आवडीने वाचतो. जरूर वाचावीत, मजा येते. पण वाचता वाचता विचारावे, "याला पुरावा काय?"

२०१३ साली तांबड्या समुद्राकाठी फार जुनी लिहिलेली पाने सापडली. मेरर नावाच्या मुकादमाची ती रोजनिशी. तुरा येथील खाणीतले दगड नावेत भरले, नाईल नदीतून पिरॅमिडकडे नेले, असे तीत रोजच्या रोज लिहिले आहे.

म्हणजे दगड वाहिले ते माणसांनीच! मेररने लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला हे कळले.